बदल ज्यांच्यावर येतो, त्यांना विचारून

कामाच्या ठिकाणचा बदल बहुधा वरून खाली येतो. नवे यंत्र बसते, संगणकप्रणाली बदलते, दोन विभाग एकत्र होतात, कचेरी गावाबाहेर हलते, एक कंपनी दुसरीत विलीन होते. निर्णय घेणाऱ्यांनी त्यावर महिनोन्‌महिने खल केलेला असतो. त्यांच्या शंका विचारून झालेल्या असतात, धाकधूक ओसरलेली असते. ज्यांच्या रोजच्या कामावर हा बदल येऊन पडतो त्यांना मात्र तो एखाद्या परिपत्रकातून, नाहीतर अर्ध्या तासाच्या सभेतून कळतो. वरच्यांना जे पचवायला सहा महिने लागले ते खालच्यांनी एका दुपारीत पचवावे अशी अपेक्षा असते. तसे घडले नाही की ‘लोकांना बदल नकोच असतो’ असा शेरा मारून मंडळी मोकळी होतात.

हा शेरा पडताळून पाहणारा एक प्रयोग पाऊणशे वर्षांपूर्वी झाला. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत तो एका परिच्छेदात उरकला जातो, पण त्याची खरी गंमत तपशिलात आहे.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात मॅरियन नावाच्या गावी हारवुड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. कामगार बहुतेक स्त्रिया आणि मजुरी नगावर. कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड मॅरो स्वतः मानसशास्त्र शिकलेले होते आणि कर्ट लेविन या थोर समाजमानसशास्त्रज्ञाशी त्यांचा स्नेह होता. कारखान्यापुढे एक कोडे होते. मालाचा प्रकार बदलला की काही जणींचे काम बदलावे लागे. ज्यांचे काम बदलले त्यांचा वेग घसरे आणि तो जुन्या पातळीवर यायला अगदी नव्याने भरती झालेल्या मुलीपेक्षाही जास्त वेळ लागे. कित्येक जणी तर नोकरीच सोडून जात. हातातले कौशल्य तेच, कापड तेच. मग घोडे अडते कुठे?

लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी याचा शोध घेतला आणि १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काम बदलायचे होते अशा कामगारांचे त्यांनी गट केले. पहिल्या गटात इस्त्री करणारे १८ जण होते. ते अर्धा डझन पायजम्यांचा गठ्ठा एका सपाट पुठ्ठ्यावर रचत. आता तो खोक्यात रचायचा होता. बदल एवढाच. त्यांची सभा घेतली गेली. बाजारातल्या स्पर्धेमुळे हे करावे लागत आहे असे सांगितले गेले, मजुरीचा नवा दर कसा काढला हे वेळमोजणी करणाऱ्या माणसाने नीट समजावले आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तरेही दिली गेली.

दुसऱ्या गटापुढे व्यवस्थापनाने दोन पायजमे ठेवले. दिसायला दोन्ही सारखे, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट होती. स्वस्तातला कोणता, असे विचारल्यावर कोणालाच सांगता येईना. खर्च का कमी करायचा, हे त्यातून आपोआप पुढे आले. मग गटाने आपले प्रतिनिधी निवडले. कामाची नवी पद्धत बसवण्यात, दर ठरवण्यात आणि पुढे इतरांना शिकवण्यात हे प्रतिनिधी सामील झाले. काही दिवसांत ते ‘आमचे काम’, ‘आमचा दर’ असे बोलू लागल्याची नोंद संशोधकांनी केली आहे. आणखी दोन छोट्या गटांत तर प्रतिनिधीही नव्हते. सगळ्यांनीच मिळून नव्या कामाची आखणी केली. तिथे सूचनांचा असा पाऊस पडला की टिपणे घेणाऱ्या लघुलेखिकेला लिहून घेणे जड गेले.

पहिल्या गटाचा वेग घसरला तो घसरलेलाच राहिला. कुरबुरी वाढल्या, मुकादमाशी खटके उडू लागले आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के लोक सोडून गेले. प्रतिनिधींच्या गटाने १४ दिवसांत तासाला ६० नगांची ठरलेली पातळी गाठली आणि कोणीही नोकरी सोडली नाही. सगळे सामील असलेले गट त्याहून लवकर सावरले आणि पुढे जुन्या वेगापेक्षा सुमारे १४ टक्के वर गेले. सगळ्यांत बोलका भाग शेवटचा आहे. पहिल्या गटातल्या उरलेल्या १३ जणांना अडीच महिन्यांनी दुसऱ्या कामावर हलवायची वेळ आली. या खेपेस त्यांना सगळ्या आखणीत सामील करून घेतले. माणसे तीच, पण ती चटकन सावरली, पुढेही गेली आणि कोणी सोडून गेले नाही. दोष त्यांच्या स्वभावाचा असता तर हे घडले नसते.

या प्रयोगाचा अर्थ ‘बदल नीट समजावून सांगा’ एवढाच लावला जातो, आणि तिथे चूक होते. पहिल्या गटालाही सगळे नीट समजावले होते, आणि त्यांच्याशी सौजन्याने, खुलाशासकट बोलणे झाले होते. कमी पडले ते विचारणे. कर्मचाऱ्यांविषयीची आस्था म्हणजे गोड शब्द, खांद्यावर हात आणि बदलाच्या आदल्या दिवशी वाटलेले पेढे, अशी समजूत असेल तर ती आस्था पहिल्या गटाच्या सभेपलीकडे जात नाही. ज्याच्यावर बदल येणार आहे त्याला निर्णय पक्का होण्याआधी विचारणे आणि त्याच्या उत्तराने निर्णयात काहीतरी खरोखर बदलू देणे, ही त्या आस्थेची कसोटी आहे.

विचारणेही देखाव्यापुरते असू शकते. नॉर्वेतल्या एका पादत्राणांच्या कारखान्यात फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच प्रयोग केला. त्याचा अहवाल १९६० मध्ये आला. तिथे सहभागी गटांचे उत्पादन काही वाढले नाही. ज्या गोष्टींत कामगारांचे मत घेतले होते त्या मुख्यतः किरकोळ होत्या, मुळावर जाणाऱ्या नव्हत्या. हजेरीपटाचा रंग कोणता हवा असे विचारून पाळ्यांची वेळ परस्पर बदलली, तर विचारल्याचे समाधान कोणालाच मिळत नाही.

लोक नेमके कशाला विरोध करतात, याचे उत्तर हार्वर्डचे पॉल लॉरेन्स यांनी १९५४ मधल्या एका लेखात दिले. त्यांच्या मते माणसे तांत्रिक बदलाला सहसा अडत नाहीत. त्या बदलाबरोबर माणसामाणसांतले संबंध, मान आणि कामावरची सत्ता बदलते, विरोध असतो तो त्याला. भारतातल्या बँकांचे संगणकीकरण पाहिलेल्या कोणालाही हे पटेल.

संगणक येण्याआधी बँकेच्या शाखेत खात्यांच्या जाडजूड वह्या असत. रोजची रोकड जुळवणे, महिन्याचे बॅलन्सिंग आणि सहामाहीला व्याज लावणे ही कामे हाताने होत. शाखेत एखादा असा कारकून असायचा की सगळ्यांनी रात्री आठपर्यंत डोके खाजवूनही न सापडलेला तीन रुपयांचा फरक तो अर्ध्या तासात शोधून द्यायचा. कुठे आकडे उलटे पडले असतील, कोणत्या पानावरची बेरीज पुढे न्यायची राहिली असेल, याचा त्याला वास यायचा. खातेदारांच्या सह्या त्याला नमुना न पाहता ओळखू यायच्या. व्यवस्थापक बदलून जात, पण शाखेचा खरा मान त्याच्याकडे असे. संगणकावर बॅलन्सिंग करावेच लागत नाही. एका सकाळी त्याचे वीस वर्षांचे कसब निरुपयोगी झाले आणि कालपर्यंत त्याच्याकडून शिकणारा पंचविशीतला मुलगा त्याला माउस कसा धरायचा हे चारचौघांत दाखवू लागला. तो कारकून कुरकुरला तर त्याला यंत्राची भीती वाटते असे समजणे सोपे असते. त्याला भीती यंत्राची नव्हती. आपण आता या जागेवर कोण आहोत, हे त्याला कळत नव्हते.

अमेरिकन सल्लागार विल्यम ब्रिजेस यांनी हीच गोष्ट १९९१ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात नीट मांडली. बाहेरचा बदल एका तारखेला होतो. माणसाच्या आत त्याला जोडून जी वाटचाल सुरू होते ती त्या तारखेला संपत नाही. तिची सुरुवात नव्यापासून होत नाही, काहीतरी संपण्यापासून होते. मग एक अधांतरी काळ येतो. जुने सुटलेले असते, नवे अंगवळणी पडलेले नसते, चुका वाढतात आणि अफवा पिकतात. त्यानंतर कुठे खरी नवी सुरुवात होते. व्यवस्थापक थेट तिसऱ्या टप्प्यावर उडी मारतात, कारण त्यांचे पहिले दोन टप्पे बंद दाराआड आधीच पार पडलेले असतात. ब्रिजेस यांचा सल्ला अगदी व्यवहारी होता: या बदलात कोणाचे नेमके काय जाणार आहे, ते नावानिशी लिहून काढा. पगार जाणार नाही, पण खिडकीजवळची जागा जाईल. पद राहील, पण सहीचा अधिकार जाईल. काम तेच, पण पंधरा वर्षांची जोडीदारीण दुसऱ्या इमारतीत जाईल. हे लिहून काढणाऱ्या वरिष्ठाला सभेत काय बोलायचे आणि कोणाशी एकट्याने बोलायचे, हे वेगळे शिकवावे लागत नाही. जे संपते आहे त्याचा मान राखणेही यातच येते. जुनी पद्धत टाकाऊ होती असे सांगितले की ती पद्धत आयुष्यभर चालवणारा माणूसही त्याच वाक्यात टाकाऊ ठरतो.

व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणवर्गांत याच्या जोडीला एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांचे पाच टप्पे हमखास शिकवले जातात: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले तेव्हा त्यांच्यासमोर मरणाच्या दारातले रुग्ण होते. सगळी माणसे त्याच क्रमाने त्या टप्प्यांतून जातात असे पुढच्या अभ्यासांत दिसलेले नाही. कचेरीत तर हे टप्पे घातकही ठरू शकतात. नव्या प्रणालीत बिल अडकते अशी तक्रार करणाऱ्या लेखापालाला ‘सध्या तो रागाच्या टप्प्यात आहे’ असे म्हटले की त्याची तक्रार हे जणू एक लक्षण होऊन बसते आणि अडकलेल्या बिलाकडे कोणी बघत नाही. विरोधात पुष्कळदा माहिती असते. काम करणाऱ्याला त्या कामातल्या खाचाखोचा माहीत असतात, आराखडा करणाऱ्याला नसतात.

याचे उत्तम भारतीय उदाहरण अहमदाबादचे आहे. कॅलिको मिलमध्ये १९५३ च्या सुमारास स्वयंचलित माग बसवले गेले. यंत्रे उत्तम होती, तरी अपेक्षेइतके कापड निघेना आणि सदोष मालही कमी होईना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. त्यांना दिसले की २२४ मागांच्या त्या शेडमध्ये २९ कामगार १२ वेगवेगळ्या प्रकारची कामे करत होते. कोणी फक्त तुटलेला धागा जोडणार, कोणी फक्त कांडी भरणार, कोणी तेल घालणार. कोणाचा कोणाशी कामाचा नीट मेळ नाही आणि सलग असा मागांचा संच कोणाचाच नाही. माणसे कामचुकार नव्हती. यंत्र आणताना माणसांची घडी विस्कटली होती. काही मागांचा एक संच आणि तो मिळून सांभाळणारी एक छोटी टोळी अशी कल्पना राइस यांनी मांडली. पुढे जे घडले त्याची अपेक्षा त्यांनाही नव्हती. कामगारांनी आणि जॉबरांनी, म्हणजे मुकादमांनी, ती कल्पना लगेच उचलली आणि कोण कोणाबरोबर काम करणार ते आपापसात ठरवून टोळ्याही बांधल्या. ६४ मागांना सात जणांची टोळी, अशी रचना झाली. सुरुवातीची गडबड ओसरल्यावर उत्पादन वाढले आणि सदोष माल घटला. कोणासोबत काम करायचे हे ठरवण्याचा हक्क मिळाला, तेव्हा त्याच कामगारांनी तीच यंत्रे आपलीशी केली.

गिरण्यांचा हा काळ यांत्रिकीकरणावरून पेटलेला होता. एका विणकराने किती माग सांभाळायचे, यावर मुंबई-अहमदाबादेत संप होत आले होते. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने याबाबत तीन तत्त्वे मान्य केली: यंत्रामुळे कोणाला कामावरून काढू नये, फायद्यात कामगाराला न्याय्य वाटा मिळावा आणि कामाचा बोजा तज्ज्ञांकडून नीट ठरवून घ्यावा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने तर कामाच्या ठराविक अटी बदलण्याआधी कामगारांना २१ दिवसांची नोटीस देणे सक्तीचे केले, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. आस्थेची जी भाषा आज परदेशी पुस्तकांतून शिकवली जाते, तिचा किमान भाग इथल्या कामगारांनी झगडून कायद्यात आणून ठेवलेला आहे. बँकांतही तेच झाले. संघटनांशी १९८३ मध्ये आणि पुन्हा १९९३ मध्ये करार होऊन, भत्त्यांपासून यंत्रांच्या संख्येपर्यंत घासाघीस करत संगणक आले. त्याने वेग मंदावला अशी टीका झाली आणि ती खोटी नाही. पण या वाटाघाटींमुळेच लाखो कर्मचाऱ्यांना नव्या यंत्राची सवय व्हायला वेळ मिळाला.

संगणक आले तरी शाखेतला माणूस सोबत आलाच असे नाही, हे भारतीय स्टेट बँकेला पुढे जाणवले. ओम प्रकाश भट्ट २००६ मध्ये बँकेचे अध्यक्ष झाले तेव्हा खासगी बँका ग्राहक ओढून नेत होत्या आणि बँकेचा बाजारातला वाटा वर्षानुवर्षे घसरत होता. त्यांनी आधी वरिष्ठ अधिकाऱ्यांना लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीत पाच दिवस एकत्र बसवले आणि बँकेची खरी स्थिती त्यांच्यापुढे मांडली. २००७ मध्ये ‘परिवर्तन’ या नावाने तोच संवाद थेट शाखांतल्या कर्मचाऱ्यांपर्यंत नेला. दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळा देशभर घेतल्या गेल्या आणि काही महिन्यांत एक लाखाहून अधिक कर्मचारी त्यांत बसले. काउंटरवरच्या कारकुनाला बँक कुठे मागे पडते आहे याची आकडेवारी दाखवून ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारणे ही सरकारी बँकेत नवलाची गोष्ट होती. आपल्या संस्थेचे वाईट चालले आहे हे वर्तमानपत्रातून कळणे आणि अध्यक्षांकडून कळणे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात कर्मचाऱ्याला जबाबदार माणूस समजल्याची खूण असते.

विलीनीकरणाच्या वेळी अशा संवादाची गरज सर्वाधिक असते, आणि तेव्हाच तो राहून जातो. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक बँक ऑफ बडोदात मिसळल्या. पुढच्या वर्षी त्याच तारखेला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, तेही टाळेबंदीच्या सुरुवातीच्या दिवसांत, जेव्हा एकत्र बसून बोलणेच शक्य नव्हते. विलीन होणाऱ्या बँकेतल्या माणसाची पाटी बदलते, संगणकाचा पडदा बदलतो, ज्येष्ठता यादीतले स्थान बदलते. त्याच्या मनातले प्रश्न मात्र फार साधे असतात: माझी बदली होणार का, माझा साहेब कोण, आमची शाखा राहणार की समोरची? विलीनीकरणाने बँक जागतिक दर्जाची होणार आहे हे त्याला पटले तरी ते या तीन प्रश्नांचे उत्तर नसते. उत्तर तयार नसेल तर ‘हे अजून ठरलेले नाही, अमुक तारखेला सांगू’ असे म्हणणे आणि त्या तारखेला, काही ठरले नसले तरी, पुन्हा येऊन तसे सांगणे, यासारखा विश्वास दुसऱ्या कशाने बसत नाही. ‘कोणालाही त्रास होणार नाही’ हे आश्वासन एका बदलीच्या आदेशानेही खोटे पडते, आणि मग पुढचे कोणतेच आश्वासन कोणी मनावर घेत नाही.

माणसे कमी करायची वेळ येते तेव्हा शब्दांचा उपयोग जवळजवळ संपतो. टाटा स्टीलमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ७५ हजारांहून अधिक कामगार होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत ही संख्या जवळपास निम्म्यावर आली. मुदतीआधी स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्याला निवृत्तीच्या वयापर्यंत दरमहा वेतन मिळत राहील अशी योजना कंपनीने आखली. एकरकमी पैसे हाती देऊन मोकळे होण्यापेक्षा दरमहा येणारा पगार चालू ठेवला, कारण मोठी रक्कम घरबांधणीत, लग्नात किंवा फसव्या गुंतवणुकीत संपते आणि घर उघडे पडते. कामगाराच्या घरचे अर्थकारण ठाऊक असलेल्या माणसालाच हे सुचते. गिरण्यांच्या बंद दरवाजांबाहेर वर्षानुवर्षे देण्यांची वाट पाहणाऱ्या मुंबईच्या गिरणगावाला याउलट काय होते, हे वेगळे सांगायला नको.

या सगळ्यात सर्वांत अवघडलेला माणूस मधला असतो: शाखाधिकारी, पर्यवेक्षक, मुख्याध्यापक, विभागप्रमुख. निर्णय त्याने घेतलेला नसतो, पण लोकांचा राग त्याच्या टेबलावर येतो. त्याला बदलाची बातमी हाताखालच्यांबरोबर एकाच वेळी कळली तर तो लोकांना काहीच सांगू शकत नाही. वरून आलेले वाक्य तो फक्त पुन्हा म्हणून दाखवतो. त्याला आधी कळवणे, त्याच्या शंका ऐकणे आणि काही गोष्टी त्याच्या पातळीवर ठरवण्याचा अधिकार त्याला देणे आवश्यक असते. पहिली तुकडी कोणती, प्रशिक्षण सकाळी की दुपारी, कोणाला थोडी सवड द्यायची, हे तोच जाणतो. नवी प्रणाली शिकण्याच्या काळात रोजच्या कामाचे लक्ष्य थोडे खाली आणण्याचाही अधिकार त्याला हवा. ते तसेच ठेवले तर माणसे दिवसा काम आणि रात्री शिकणे करतात, चुका होतात, आणि त्या चुका पुन्हा त्यांच्याच नावावर जमा होतात. वयाने मोठ्या कर्मचाऱ्याला धाकट्यांसमोर शिकायला न बसवता त्याच्या वयाच्या सहकाऱ्याकडून, गर्दी नसलेल्या वेळी शिकू देणे यात खर्च काहीच नाही, फक्त त्याच्याकडे लक्ष असावे लागते.

हे लक्ष बदल झाल्यानंतरही लागते. राइस यांचे सहकारी एरिक मिलर १९७० मध्ये अहमदाबादला परत गेले आणि सतरा वर्षांपूर्वीच्या प्रयोगाचे काय झाले ते त्यांनी पाहिले. स्वयंचलित मागांच्या शेडमध्ये टोळीची पद्धत तेव्हाही चालू होती आणि काम बहुतांश पूर्वीच्याच दर्जाने होत होते. दुसरीकडे, जिथे पुढे ती पद्धत नेली होती, तिथे ती मोडत जाऊन जुन्या वळणावर गेली होती. मालाची मागणी आणि वाण बदलत गेले तसा तिथे ताण वाढला आणि टोळीने आपसात करायची जुळवाजुळव पुन्हा वरच्यांच्या हातात गेली.